स्कारबरोचं रिंगण : वाचनालयाच्या माडीवर सुरू झालेलं एक थिएटर

उत्तरवारा | सोमवार, १४ जुलै २०२५

आज १४ जुलै. १९५५ साली याच तारखेला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावात, सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाचं नाव 'सर्कल ऑफ लव्ह', लेखिका एलेनॉर ग्लेझर. हॉलच्या मधोमध मोकळी जागा, चारी बाजूंना प्रेक्षक, खुर्च्या जेमतेम अडीचशे. पडदा नाही, विंगा नाहीत. त्या प्रयोगाला आज ७० वर्षं झाली आणि ते थिएटर, आताचं स्टीफन जोसेफ थिएटर, अजून चालू आहे. मराठीत त्याबद्दल काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. अकरा वर्षं लीड्समध्ये राहतो. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये समुद्र बघायचा म्हणून एकटाच आगगाडीने स्कारबरोला गेलो. उतरलो तेव्हा ऊन होतं. दोन वाजेपर्यंत असा पाऊस लागला की किनाऱ्यावर मुलांना फिरवणारी गाढवंसुद्धा परत नेली. परतीच्या गाडीला चार तास होते. स्टेशनच्या समोर रस्त्यापलीकडे एक जुनी, १९३० च्या सुमाराच्या थाटाची सिनेमागृहासारखी इमारत दिसली. आत दुपारचा प्रयोग होता. कोणाचं नाटक, कसलं नाटक, काही माहीत नव्हतं. अंग कोरडं होईल एवढ्याच विचाराने तिकीट काढलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की थिएटरचा संस्थापक स्टीफन जोसेफ याने एका तरुण लेखकाला नाटक लिहायला सांगताना जवळजवळ हेच मागितलं होतं. सुट्टीवर आलेल्या माणसांची पावसाने निराशा झालेली असते. ती कपडे सुकवायला थिएटरात शिरतात आणि नंतर त्यांना पुन्हा आपल्या भाड्याच्या खोलीकडे, घरमालकिणीकडे जायचं असतं. मधल्या वेळात त्यांना हसवेल असं काहीतरी लिही. त्या लेखकाचं नाव ॲलन एकबोर्न, आणि त्या मागणीतून आलेलं नाटक १९६५ मध्ये वाचनालयाच्या त्याच माडीवर झालं. तेव्हा त्याचं नाव 'मीट माय फादर' होतं. दोन वर्षांनी ते 'रिलेटिव्हली स्पीकिंग' या नावाने लंडनला गेलं आणि एकबोर्नचं नाव देशभर झालं.

मला सांगायचंय ते एवढंच, की हे थिएटर लंडनच्या शिळ्या नाटकांवर जगलं नाही. नाटक इथे जन्मायचं, समुद्रावर आलेल्या आणि गावातल्या माणसांपुढे तपासलं जायचं, आणि मग लंडनला जायचं. सत्तर वर्षं हा क्रम उलटा झालेला नाही. प्रतिसादांत एकेक सांगत जाईन. ज्यांनी पाहिलंय त्यांनीही लिहा.

---

रातराणी | सोमवार, १४ जुलै

मस्त धागा! वाचतेय. स्टीफन जोसेफबद्दल अजून लिहा ना. हा माणूस त्या गावचाच होता का?

---

उत्तरवारा | सोमवार, १४ जुलै

@रातराणी, नाही. लंडनचा. जन्म १९२१. आई हर्मायनी गिंगोल्ड, तेव्हाची नावाजलेली अभिनेत्री. वडील मायकेल जोसेफ, पुस्तक प्रकाशक. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता आणि तिथे त्याला शौर्यपदकही मिळालं. युद्धानंतर शिकायला अमेरिकेत आयोवाला गेला. चारी बाजूंनी प्रेक्षक बसवून नाटक करायची पद्धत तेव्हा अमेरिकेत जोर धरत होती. त्याच्या डोक्यात ती कायमची बसली.

परत आल्यावर लंडनमध्ये परवडणारी जागा मिळेना. स्कारबरोच्या बाहेर नाट्यलेखनाच्या शिबिरात शिकवायला तो आला होता, तिथे बोलता बोलता वाचनालयाच्या हॉलचा विषय निघाला. हॉल मैफिलींसाठी बांधलेला, त्यात रंगमंच असा काही नव्हता. दुसऱ्या कोणी तो नाकारला असता. जोसेफला नेमका तसाच हवा होता.

आणि पहिल्या उन्हाळ्यातली चारही नाटकं नवीकोरी होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात, जिथे लोक हलकंफुलकं बघायला येतात, तिथे अनोळखी लेखकांची चार नवी नाटकं! त्यातलं एक डेव्हिड कॅम्पटनचं. या कॅम्पटनने दोन वर्षांनी आपल्या नाटकाला 'कॉमेडी ऑफ मेनेस' (धास्तीची विनोदिका) असं उपशीर्षक दिलं, आणि समीक्षकांनी पुढे ते शब्द उचलून नाटककार हॅरॉल्ड पिंटरला लावले. आज सगळे ते पिंटरच्या नावावर ओळखतात. कॅम्पटनचं नाव कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

उन्हाळा संपला की वाचनालयाला हॉल परत द्यायचा. मग लाकडी पायऱ्या-फळ्या सोडवायच्या, गाडीत भरायच्या आणि हिवाळाभर दुसऱ्या गावांतून दौरा. जाऊ तिथल्या रिकाम्या हॉलमध्ये रिंगण उभं करायचं.

---

विंगेतून | सोमवार, १४ जुलै

फळ्या सोडवायच्या, गाडीत भरायच्या... हे वाचून हात शिवशिवले. आमच्या काळी दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'चे प्रयोग व्हायचे. १९७४ पासूनची चळवळ ती. मी त्यात फार उशिरा, विद्यार्थी म्हणून सामान उचलायला गेलो. वरच्या मजल्यावरचा शाळेचा हॉल, दिवसा वर्ग, संध्याकाळी नाटक. जागेला रंगमंच नाही म्हणूनच तिथे वेगळी नाटकं सुचली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे वाचनालयाची माडी मला अजिबात परकी वाटत नाही.

एक तांत्रिक प्रश्न. चारी बाजूंना प्रेक्षक असताना प्रकाशयोजना कशी करतात? एका बाजूने नटाच्या तोंडावर प्रकाश टाकला की तोच पलीकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणार.

---

उत्तरवारा | मंगळवार, १५ जुलै

@विंगेतून, तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण हे मी तिथे आत जाऊन पाहिलंय. कधी कधी ते लोकांना रंगमंचामागची जागा दाखवतात.

दिवे फार उभ्या कोनात लावतात, जवळजवळ डोक्यावरून. एका नटाला तीन-चार बाजूंनी थोडा थोडा प्रकाश मिळतो आणि उजेडाची कड पहिल्या रांगेच्या पावलांपाशी संपते. आताच्या इमारतीत रिंगणाच्या वर संपूर्ण छतभर तारांची ताणलेली जाळी आहे. आपल्या खाटेची नवार असते तशी विणलेली, फक्त पोलादी दोरांची. तंत्रज्ञ त्यावर चालतात आणि वाकून दिवा फिरवतात. शिडी लागत नाही. मला पाच मिनिटं वर उभं केलं होतं. खिशातल्या किल्ल्या, पेन, मोबाईल सगळं आधी काढून ठेवायला लावलं. पायाखालची जाळी किंचित दबते, आणि खाली सरळ सोफा, टीपॉय, टीपॉयवरचे कप दिसतात. कपात तळाशी वाळलेल्या चहाचं तपकिरी वर्तुळ होतं, आदल्या रात्रीच्या प्रयोगातलं. एवढं बारीक वरून दिसलं.

नेपथ्याचंही तसंच. भिंती उभ्या करता येत नाहीत, दार दाखवायचं तर नुसती चौकट. सोफ्याची पाठ बुटकी हवी. त्यामुळे जमीन हेच खरं नेपथ्य. गालिचा, फरशी, गवत, लाकूड. प्रेक्षक उंचावर बसलेले असल्याने त्यांना जमीनच सर्वांत जास्त दिसते. हे सामान खालच्या कार्यशाळेतून वर आणायला रंगमंचाएवढी मोठी लिफ्ट आहे.

---

निवांत | मंगळवार, १५ जुलै

एकबोर्न तिथे आला कसा? आणि एवढी नाटकं लिहूनही गाव सोडून गेला नाही याचं कारण काय?

---

उत्तरवारा | मंगळवार, १५ जुलै

१९५७ मध्ये आला, वय १८. कामाचं स्वरूप म्हणजे व्यवस्था बघायची आणि लागेल तिथे भूमिकाही करायची. नट म्हणून स्वतःला मिळालेल्या एका भूमिकेबद्दल त्याने कुरकुर केली. जोसेफ म्हणाला, याहून चांगली भूमिका हवी तर स्वतः लिही, बरी झाली तर मी करेन. त्याने लिहिलं. १९५९ चा उन्हाळा, नाटक 'द स्क्वेअर कॅट', लेखकाचं नाव रोलंड ॲलन. हे टोपणनाव होतं. नायक गिटार वाजवणारा लोकप्रिय गायक, आणि ती भूमिका अर्थातच एकबोर्नने स्वतःकडे ठेवली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. पिंटरचं 'द बर्थडे पार्टी' आदल्या वर्षी लंडनमध्ये सपशेल पडलं होतं, आठवड्यात बंद. जोसेफने पिंटरला बोलावलं आणि सांगितलं, माझ्या मंडळीबरोबर तूच बसव. त्यात स्टॅन्लीचं, म्हणजे मुख्य पात्राचं, काम एकबोर्नने केलं. ज्याचं नाटक राजधानीने फेकून दिलं त्याला तालमीला खोली, नट आणि प्रेक्षक देणारी ही मंडळी होती. हा प्रसंग मी अनेकांना सांगतो आणि दर वेळी सांगताना माझा गळा भरून येतो.

गाव का सोडलं नाही? मध्ये काही काळ तो दूर होता. जोसेफने १९६२ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला एका जुन्या सिनेमागृहात कायमचं रिंगणी थिएटर काढलं, तिथे एकबोर्न गेला. मग १९७० पर्यंत आमच्या लीड्समध्ये बीबीसीवर नभोनाट्यं करायचा. पण १९७२ मध्ये तो स्कारबरोचा कलात्मक संचालक झाला आणि २००९ पर्यंत राहिला. ३७ वर्षं! स्वतःची नाटकं तो बहुतेक इथेच पहिल्यांदा बसवतो. आज वय ८६, नाटकं नव्वदच्या वर.

---

परखड | मंगळवार, १५ जुलै

माहिती चांगली आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. त्या काळात ब्रिटिश रंगभूमीवर खरी उलथापालथ लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये होत होती. एकबोर्न म्हणजे मध्यमवर्गीय नवरा-बायको, दिवाणखाना, गैरसमज. पावसाळी दुपारी वेळ घालवायला ठीक. एवढ्या गहिवराने लिहावं असं त्यात काय आहे?

---

उत्तरवारा | बुधवार, १६ जुलै

@परखड, तुमचा प्रश्न रास्त आहे. पहिल्यांदा मलाही ती नाटकं गमतीचीच वाटली होती.

'ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर' घ्या. १९७२, वाचनालयाची माडी. दुसऱ्या अंकात नाताळच्या आदली संध्याकाळ, स्वयंपाकघर. घरची बाई ईव्हा जीव द्यायला निघाली आहे. अख्ख्या अंकात ती जवळजवळ एक शब्द बोलत नाही. गॅसच्या शेगडीच्या भट्टीत डोकं घालते. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला वाटतं ही भट्टी साफ करतेय, आणि ती हौसेने स्वतःच घासायला बसते. ईव्हा दुसरा उपाय करू जाते, पुन्हा कोणीतरी मदतीला धावतं आणि पुन्हा कोणालाच काही कळत नाही. लोक पोट धरधरून हसतात.

रिंगणात बसलं की समोरचे प्रेक्षक दिसतात. माझ्या समोर पलीकडच्या रांगेत साठीच्या एक बाई होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रुमाल काढला होता. ईव्हा खिडकीकडे चालत गेली आणि बाईंचा रुमाल गालावर तसाच थांबला. त्यांचं हसू बंद झालं, पण शेजारचे अजून हसत होते. त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. नाटक संपेपर्यंत त्या पुन्हा हसल्या नाहीत. नेहमीच्या कमानीच्या रंगमंचासमोर अंधारात बसलो असतो तर मला त्या बाई दिसल्याच नसत्या.

दुसरं उदाहरण 'जस्ट बिट्वीन अवरसेल्व्ज'. जानेवारी १९७६. उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात, पर्यटक नसताना, गावच्याच लोकांपुढे आलेलं. बोलकी, धडपडी व्हेरा शेवटच्या प्रवेशात थंडीत बागेत पांघरूण घेऊन बसलेली आहे. ती आत यायला तयार नाही, बोलत नाही, आणि नवरा तिच्याभोवती आनंदाने बडबडतोय. तो वाईट माणूस नाही. सदा हसतमुख आहे. त्या हसतमुखपणाने बाई मोडली आहे. हे मध्यमवर्गीय दिवाणखान्यातलंच नाटक आहे हे मान्य. पण आपल्यातल्या किती घरांत अशी बाग आहे?

---

परखड | बुधवार, १६ जुलै

हे दुसरं वाचलेलं नाही. मिळवून वाचतो. रुमालाचं वर्णन पोचलं.

---

रातराणी | बुधवार, १६ जुलै

व्हेराचं वाचून माझ्या मोठ्या मावशीची आठवण आली. एवढंच लिहिते.

---

विंगेतून | बुधवार, १६ जुलै

@उत्तरवारा, तुम्ही इमारतींचा क्रम सांगितला नाहीत. वाचनालयातून सिनेमागृहात थेट?

---

उत्तरवारा | गुरुवार, १७ जुलै

नाही, मध्ये एक शाळा आहे! तुमच्या छबिलदासशी नातं इथे जुळतं.

स्टीफन जोसेफ ऑक्टोबर १९६७ मध्ये कर्करोगाने गेला. ४६ वर्षांचा होता. स्वतःची पक्की वास्तू त्याला स्कारबरोत कधीच मिळाली नाही. त्याच्या शेवटच्या वर्षांत मंडळी टिकते की नाही अशी अवस्था होती. तेव्हा ती धरून ठेवली स्थानिक हौशी रंगकर्म्यांनी, आणि त्यांत पुढे होता केन बोडेन, जो नंतर बरीच वर्षं व्यवस्थापक राहिला. थिएटरच्या इतिहासात लेखक-दिग्दर्शकांची नावं राहतात. पण हिशेब लिहिणारी, तिकीटबारीवर बसणारी, खुर्च्या मोजणारी माणसं नसती तर एकबोर्नला परत यायला थिएटरच उरलं नसतं.

१९७६ मध्ये वाचनालय सोडावं लागलं. गावातल्या मुलांच्या जुन्या हायस्कूलची वेस्टवूड भागातली इमारत रिकामी झाली होती, तिच्या तळमजल्यावर रिंगण उभारलं. तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं वीस वर्षं चाललं. तिथेच १९८१ मध्ये 'वे अपस्ट्रीम'साठी रंगमंचावर पाणी भरून त्यात होडी आणली. तिथेच 'इंटिमेट एक्स्चेंजेस' झालं. नाटकाच्या सुरुवातीला एक बाई सिगारेट ओढायची की नाही ते ठरवते आणि तिथून फाटे फुटत सोळा वेगवेगळे शेवट होतात, सगळी पात्रं दोनच नट करतात. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने याने त्यावर १९९३ मध्ये दोन चित्रपट केले. हा रेने सुट्टीला स्कारबरोला यायचा आणि प्रेक्षकांत बसून नाटकं बघायचा.

आताची इमारत म्हणजे १९३६ चं ओडियन सिनेमागृह. १९८८ मध्ये बंद पडलं, मग बरीच वर्षं ओस. ते थिएटरसाठी घेतलं आणि ३० एप्रिल १९९६ ला उघडलं. खर्च ५० लाख पौंडांच्या वर. आत दोन सभागृहं : रिंगण ४०४ आसनांचं, आणि वर दुसरं १६५ आसनांचं, नेहमीसारखं सगळ्यांनी एकाच बाजूला बसून समोर बघायचं, जिथे सिनेमेही दाखवतात. नाव स्टीफन जोसेफ थिएटर. त्याला जाऊन तेव्हा २९ वर्षं होत आली होती.

दोन सभागृहं मिळाल्यावर एकबोर्नने काय करावं? १९९९ मध्ये 'हाउस' आणि 'गार्डन' अशी दोन नाटकं लिहिली. दोन्ही एकाच वेळी, दोन सभागृहांत, त्याच नटसंचात. 'हाउस'मधून बाहेर पडलेलं पात्र धावत जाऊन 'गार्डन'मध्ये प्रवेश करतं.

---

निवांत | गुरुवार, १७ जुलै

बाप रे! एका ठिकाणी हशा लांबला तर दुसरीकडचा नट काय करत असेल?

---

विंगेतून | गुरुवार, १७ जुलै

@निवांत, हेच मीही विचार करतोय सकाळपासून. दोन्हीकडे रंगमंच व्यवस्थापक घड्याळ लावून बसले असणार. ज्याला प्रवेश चुकण्याची भीती माहीत आहे त्यालाच हे नाटक किती धाडसाचं आहे ते कळेल.

---

बंदरकर | शुक्रवार, १८ जुलै

मी हल शहरात राहतो, स्कारबरोला वर्षातून दोनदा जाणं होतं. धाग्यात एक भर घालतो. लंडनमध्ये ३३ वर्षं चाललेलं भुताचं नाटक 'द वुमन इन ब्लॅक' याच थिएटरचं. १९८७ चा नाताळ, शाळेतली जागा. एकबोर्न तेव्हा लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये गेला होता, कारभार रॉबिन हरफर्डकडे होता. पैसे फार थोडे उरलेले. स्टीफन मॅलट्रॅटने सूझन हिलच्या कादंबरीचं रूपांतर केलं. नट परवडत नाहीत म्हणून सगळी कादंबरी दोन नटांत बसवली. प्रयोगही मुख्य रिंगणात नाही, खाण्यापिण्याच्या जागेत. १९८९ मध्ये लंडनला गेलं, मार्च २०२३ मध्ये उतरलं, तेव्हा १३,२३२ प्रयोग झाले होते.

आणि दुसरी बाजूही सांगतो. त्याच गावात किनाऱ्यालगत 'फ्युचरिस्ट' नावाचं भलंमोठं थिएटर होतं, १९२१ चं. बीटल्स तिथे गाऊन गेले. २०१८ मध्ये पाडलं. मोकळी जागा बघताना पोटात कालवतं.

---

रातराणी | शुक्रवार, १८ जुलै

मग एक टिकलं आणि एक पडलं, असं का?

---

उत्तरवारा | शनिवार, १९ जुलै

@बंदरकर, 'वुमन इन ब्लॅक'बद्दल आभार, मी लिहिणारच होतो.

@रातराणी, पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण एक ठळक कारण दिसतं. किनाऱ्यावरची मोठी थिएटरं उन्हाळ्याच्या गर्दीवर उभी होती. कारखाने आठवडाभर बंद व्हायचे, कुटुंबंच्या कुटुंबं आगगाडीने समुद्रावर यायची, संध्याकाळी गाणी-नकला बघायची. विमानाने स्पेनला जाणं स्वस्त झालं आणि ती गर्दी आटली. दोन हजार खुर्च्या भरायच्या कुठून?

या रिंगणाला अडीचशे-चारशे माणसं पुरतात. आणि इथल्या कामाची रीतच पाहुण्यांच्या मुक्कामाला धरून घडली. एकाच नटसंचात दोन-तीन नाटकं, आलटूनपालटून. आज हे, उद्या ते. आठवड्यासाठी आलेल्याला सगळी बघता यावीत. १९७३ मध्ये एकबोर्नने 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' ही तीन नाटकं लिहिली तेव्हाही हाच विचार. एकच शनिवार-रविवार, तीच सहा माणसं; एक नाटक जेवणघरात, दुसरं बैठकीत, तिसरं बागेत. कोणतंही आधी बघा, एकच बघा, तरी पूर्ण वाटलं पाहिजे. कारण पाहुणा बुधवारी निघून जाईल आणि तिसरं त्याचं राहील. एका गावाच्या सुट्टीच्या वेळापत्रकातून नाटकाची रचना निघते, याहून जास्त त्या गावाचं नाटक काय असू शकतं?

शिवाय गावच्या लोकांसाठी हिवाळाही धरून ठेवला. पर्यटक गेल्यावरही दिवे चालू राहिले.

---

परखड | रविवार, २० जुलै

'जस्ट बिट्वीन अवरसेल्व्ज' वाचलं. काल रात्री एका बैठकीत. माझं आधीचं विधान मागे घेतो. नवऱ्याचं पात्र डोक्यातून जात नाही. गॅरेजमध्ये सतत काहीतरी दुरुस्त करत बसतो आणि एकही गोष्ट दुरुस्त होत नाही.

एकबोर्ननंतर कोण? एकाच माणसावर चाललेली संस्था त्याच्यानंतर कोसळते हे आपण खूपदा पाहिलंय.

---

उत्तरवारा | रविवार, २० जुलै

ही काळजी तिथल्या लोकांनाही होतीच. २००६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी तो पुन्हा तालमीत उभा राहिला, पण २००९ मध्ये संचालकपद सोडलं. त्याच्यानंतर ख्रिस मंक्स आले, २०१६ पासून पॉल रॉबिन्सन आहेत. नव्या लेखकांची नाटकं होतात, आणि एकबोर्नचं वर्षाला एखादं नवं असतंच. २०२० मध्ये टाळेबंदीत थिएटर बंद होतं, तेव्हा त्याने आणि त्याच्या पत्नीने, हेदर स्टोनीने, एक नाटक फक्त आवाजात ध्वनिमुद्रित केलं. सगळी पात्रं दोघांनीच. तरुण मुलांचे आवाजसुद्धा! मी ते घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून ऐकलं. आठवडाभर कोणाशी समोरासमोर बोललो नव्हतो.

---

रातराणी | शनिवार, २ ऑगस्ट

धागा वर काढतेय, कारण मी आज स्कारबरोला जाऊन आले! बहिणीकडे यॉर्कला आलेय, तिथून तासाभराच्या आतच गाडी पोचवते. स्टेशनच्या फलाटावर ते प्रसिद्ध लांबच लांब बाकडं आहे, पलीकडचं टोक दिसेना. भाची त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेली.

थिएटरच्या आधी व्हर्नन रोडवरचं वाचनालय शोधलं. अजून वाचनालयच आहे. खाली एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, लहान मुलांच्या कोपऱ्यात गोष्ट चालली होती. काउंटरवरच्या ताईंना विचारलं, इथे वर नाटकं व्हायची ना? त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि जिन्याकडे बोट केलं. वरचं दार बंद होतं. काचेतून थोडी लाकडी जमीन दिसली, बस.

दुपारी रिंगणात बसलो. भाची नऊ वर्षांची, पहिलंच नाटक. नट तिच्या खुर्चीला घासून आत गेला तेव्हा तिने माझा हात पकडला. मध्यंतरात म्हणाली, मावशी, समोरचा मुलगा पण घाबरला होता, मी बघितलं.

@उत्तरवारा, पुढच्या वेळी कोणत्या रांगेत बसू?

---

उत्तरवारा | शनिवार, २ ऑगस्ट

@रातराणी, दुसऱ्या रांगेत, कोपऱ्याला, नटांच्या येण्या-जाण्याच्या वाटेशेजारी. दिवे मालवले की अंधारात ते जागेवर येऊन उभे राहतात. तिथे बसलं की त्यांचा श्वास ऐकू येतो.